नक्षी छापायची तर जोड लपवायला शिका: स्क्रीन प्रिंटिंगची गोष्ट

दिवाळीत दारापुढे रांगोळीचा छाप ठेवून ज्याने कधी हात फिरवलाय, त्याला स्क्रीन प्रिंटिंगचं निम्मं तंत्र आधीच येतं. भोकं पाडलेली प्लॅस्टिकची चकती, तिच्यावर मूठभर रांगोळी, वरून तळहात फिरवला की भोक असेल तिथून भुकटी खाली पडते, नसेल तिथे अडते. छाप उचलला की कमळ तयार. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये रांगोळीच्या जागी शाई असते, तळहाताच्या जागी रबराची पट्टी आणि चकतीच्या जागी चौकटीवर ताणून बसवलेली जाळी. शाई कुठे लावायची याची काळजी छापताना करावी लागत नाही. ती कुठे अडवायची, हे आधीच ठरलेलं असतं.

आता त्या छापाकडे जरा निरखून बघा. त्यातलं कमळ ठिपक्याठिपक्यांचंच का असतं, सलग रेघेचं का नसतं? उत्तर ‘ठ’ या अक्षरात आहे. पुठ्ठ्यावर जाडसर ‘ठ’ काढा आणि ब्लेडने कापा. गोलाची कड कापून झाली की आतला पुठ्ठा सुटून हातात येतो, कारण त्याला धरून ठेवणारं काही उरलेलंच नसतं. अशा साच्याने छापलं की ‘ठ’च्या पोटात भरीव गोळा. पोत्यांवर आणि लाकडी खोक्यांवर पत्र्याच्या साच्याने रंगवलेली अक्षरं मधेमधे तुटलेली दिसतात ती यामुळेच. आतला तुकडा गळू नये म्हणून सोडलेल्या त्या दांड्या असतात. फुलापानांच्या नक्षीत तर असे सुटे तुकडे शेकड्यांनी येतात. प्रत्येकाला दांडी जोडत बसलं तर फुलाऐवजी पिंजराच दिसायचा.

हा गुंता जपानी कारागिरांनी फार सुंदर सोडवला. तिथल्या मिए प्रांतात, सुझुका शहरातल्या शिरोको आणि जिके या भागांत, किमोनोच्या कापडासाठी कागदी साचे कोरायचं काम कित्येक पिढ्या चालत आलंय. या साच्यांना इसे-कातागामी म्हणतात. तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीपासून केलेल्या हातकागदाचे थर एकमेकांवर चिकटवायचे, आणि चिकटवायला काकी या फळाचा तुरट रस वापरायचा. काकी म्हणजे आपल्या टेंभुर्णीची जपानी बहीण. त्या रसाने कागद तपकिरी, कडक आणि पाण्याला दाद न देणारा होतो. मग त्यावर नक्षी कोरायची. जिथे नक्षी फारच नाजूक, तिथे साच्याच्या दोन थरांमध्ये रेशमाचे बारीक धागे ताणून घालायचे. सुटे तुकडे त्या धाग्यांवर तोलून धरलेले असतात. धागा पुरेसा बारीक असला, तर वरून ओढलेली खळ त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरते, धाग्याखाली पसरून एक होते आणि कापडावर धाग्याची खूणही राहत नाही.

इथे ‘खळ’ म्हटलं ते चुकून नव्हे. हे कारागीर साच्यातून रंग घालत नाहीत, तांदळाची खळ घालतात. खळ वाळली की कापड रंगवायचं, मग धुवायचं. खळीखालचा भाग पांढरा राहतो आणि नक्षी उमटते. एका किमोनोला सुमारे बारा मीटर कापड लागतं आणि साचा असतो हातभर. म्हणजे तोच साचा पुढे सरकवत, पुन्हा पुन्हा ठेवत जायचं. सरकवताना चूक होऊ नये म्हणून साच्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. आधीच्या वेळी पडलेल्या टिंबावर ती बसली पाहिजेत. नक्षी छापायचं सगळं मर्म या टिंबांत आहे, म्हणून त्यांच्याकडे आपण परत येणार आहोत.

थोडेसे धागे घालण्याऐवजी सगळी चौकटच धाग्यांनी मढवली तर? मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ मध्ये रेशमी कापड चौकटीवर ताणून त्यातून छापायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ‘सिल्क स्क्रीन’ हे नाव त्या रेशमावरून पडलं. आज जाळी पॉलिस्टरची असते, पण जुने लोक अजून सिल्क स्क्रीनच म्हणतात. जाळी आली आणि ‘ठ’चं पोट गळायचं थांबलं.

जाळीचा नंबर हा पहिला निर्णय. १ सेंटिमीटरमध्ये किती धागे, तो नंबर. कापडावर जाडसर शाई द्यायची तर ४३ च्या आसपास, कागदावर बारीक काम असेल तर ९० ते १२०. बऱ्याच दुकानांत इंचाचा हिशेब चालतो, तिथे हीच ४३ ची जाळी ११० ची होते. विकत घेताना विचारून घ्या, नाहीतर भलतीच जाळी घरी येते. ४३ च्या जाळीत एका धाग्यापासून पुढच्या धाग्यापर्यंतचं अंतर जेमतेम पाव मिलिमीटर. यावरून एक सोपा अंदाज निघतो: अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघ तिथे टिकणार नाही, धाग्यांमध्ये अडकून ती तुटक येईल. कागदावर पेनाने काढलेली देखणी बारीक वेल कापडावर मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

नक्षी जाळीवर उतरवायचं काम उजेड करतो. जाळीवर इमल्शनचा, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या दाट लेपाचा, पातळ, सारखा थर द्यायचा आणि अंधाऱ्या जागी चौकट आडवी ठेवून वाळवायचा. पिवळ्या बल्बचा मंद उजेड चालतो. या इमल्शनचा गुण असा, की कोरडं असताना त्यावर उजेड पडला की ते घट्ट होऊन बसतं, मग पाण्याने सुटत नाही. पारदर्शक फिल्मवर नक्षी गडद काळ्या रंगात काढायची, ती जाळीवर ठेवायची, वर काच दाबायची आणि दिवा लावायचा. काळ्या नक्षीखाली उजेड पोचत नाही, तिथलं इमल्शन कच्चं राहतं.

मग चौकट मोरीत धरून पाणी मारायचं. मला सगळ्या प्रकारात हा क्षण सर्वांत आवडतो. आधी अर्धा मिनिट काहीच घडत नाही आणि आपलं कुठेतरी चुकलं असं वाटायला लागतं. मग जिथे काळं होतं तिथला थर फुगतो, शेवाळासारखा बुळबुळीत होतो आणि एकेक पान, एकेक कोयरी मोकळी होत जाते. चौकट खिडकीकडे धरली की नक्षीतून पलीकडचा उजेड दिसतो. एखादं टोक बंद राहिलेलं दिसलं तर तिथे बोटाने हलकेच चोळायचं. उजेड कमी पडला असेल तर सगळाच थर वाहून जातो. जास्त झाला असेल तर उजेड काळ्या कडेखाली शिरून बारीक रेघा बुजतात, आणि कितीही पाणी मारा, त्या उघडत नाहीत. म्हणून नवीन इमल्शन, नवीन दिवा, नवीन जाळी यातलं काहीही बदललं की एकाच चौकटीवर वेगवेगळ्या वेळा देऊन चाचणी घ्यावी. पुठ्ठा दर दोन मिनिटांनी थोडाथोडा सरकवत गेलं की काम होतं. जुन्या कारखान्यांत बायक्रोमेट घातलेलं इमल्शन असायचं. स्वस्त पडतं, पण ते विषारी आहे, कातडीला आणि पाण्याला दोन्हीला वाईट. घरी करणार असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, तयार फोटोपॉलिमर इमल्शन आणा.

छापणं त्यामानाने लवकर जमतं. चौकट कापडाला चिकटून ठेवायची नाही, कागदावर छापताना तर मुळीच नाही; मधे दोन-तीन मिलिमीटर फट हवी. रबराची पट्टी, म्हणजे स्क्वीजी, जिथे दाबते तेवढ्याच रेषेत जाळी टेकते आणि पट्टी पुढे गेली की उचलली जाते. म्हणून कड स्वच्छ येते. आधी न दाबता एकदा शाई जाळीवर पसरवून घ्यायची, मग पट्टी साधारण ७० अंशांत तिरकी धरून एकाच दमात ओढायची. पट्टी फार आडवी झाली तर शाई जास्त उतरते आणि रंग फुटतो. मधेच हात थांबला तर तिथे आडवी रेघ पडते, आणि ती कापडावर कायमची राहते.

इथपर्यंत एका कागदावर एक चित्र छापण्यापुरतं झालं. लग्नपत्रिकेवरचा गणपती किंवा मंडळाच्या टी-शर्टवरचं नाव एवढ्यावर छापता येतं. नक्षीचं गाडं यापुढे अडतं, कारण नक्षीला कड नसावी लागते. साडी साडेपाच मीटरची आणि स्क्रीन अर्ध्या मीटरची, म्हणजे तीच स्क्रीन ११ वेळा ठेवायची, आणि बघणाऱ्याला ती ११ वेळा ठेवली आहे हे कळता कामा नये.

मी पहिल्यांदा जे कापड छापलं त्यात ते सगळ्यांना कळलं. पलंगावर टाकायला तीन मीटर कापड, त्यावर विटकरी रंगाच्या कोयऱ्या. आमच्या आत्याने ते हातात घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाली, “छान झालंय रे. पण हे मधेमधे घडी पडल्यासारखं काय दिसतंय?” घडी नव्हतीच. दर ४० सेंटिमीटरवर कोयऱ्यांमध्ये जराशी जास्त मोकळी जागा राहिली होती, एवढीच. एका जागी बघितलं तर लक्षातही येणार नाही, पण तीच चूक ठरावीक अंतराने आली की डोळा तिची पट्टी करतो. आपला डोळा या बाबतीत फार आगाऊ आहे.

त्या कापडात माझ्या दोन चुका झाल्या होत्या, आणि दोन्ही मुळावरच्या.

पहिली नक्षी काढतानाची. मी चौकोनाच्या आत चित्र काढलं आणि कडेला जागा सोडली. खरं तर चित्र कडेतून बाहेर पडून पलीकडच्या कडेतून आत यायला हवं. त्यासाठी एक साधी युक्ती आहे, कागद आणि कात्री पुरते. चौकोनी कागदाच्या मध्यावर मनासारखं चित्र काढा, मात्र कडांना स्पर्श होऊ देऊ नका. आता कागद उभा मधोमध कापा आणि डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे ठेवून मागून टेप लावा. मग आडवा कापा, वरचा तुकडा खाली आणि खालचा वर. तुमचं चित्र आता चार कोपऱ्यांत गेलं आणि मध्यभाग रिकामा झाला. तो भरा, पुन्हा कडांना न शिवता. या कागदाच्या समोरासमोरच्या कडा आता आपोआप जुळतात, कारण मुळात त्या एकाच कापाच्या दोन बाजू आहेत. कॉम्प्युटरवर काम करणारे हेच फोटोशॉपच्या ऑफसेट फिल्टरने करतात. पण एकदा तरी कात्रीने करून बघा, डोक्यात पक्कं बसतं.

कडा जुळल्या तरी मांडणी उरते. कोयरीखाली कोयरी, कोयरीशेजारी कोयरी अशी सरळ ठेवली की शाळेच्या प्रार्थनेच्या रांगा दिसतात. शेजारचा उभा पट्टा अर्ध्या उंचीने खाली उतरवला की त्या रांगा मोडतात आणि नजर तिरकी, वळसे घेत फिरायला लागते. याला हाफ-ड्रॉप म्हणतात. हाच सरकाव आडवा केला की विटांच्या भिंतीची मांडणी. नवख्यांना वाटतं की हाफ-ड्रॉपसाठी स्क्रीन दर वेळी अर्धी खाली सरकवायची. तसं केलं तर टेबलावर तारांबळ उडते. उतरलेला आणि न उतरलेला असे दोन्ही पट्टे एकाच स्क्रीनमध्ये घ्यायचे, म्हणजे स्क्रीन सरळच पुढे सरकते आणि उतार नक्षीच्या आतच राहतो.

आणि जोड सरळ रेषेत कधीच घेऊ नये. नक्षीचा एक तुकडा जिथे संपतो ती सीमा पानाच्या कडेने, देठाच्या वळणाने, दोन फुलांच्या फटीतून नागमोडी न्यायची. मग दीड मिलिमीटरची चूक झाली तरी ती पानाच्या कडेत विरून जाते. सगळीकडे एकसारखा भरलेला रंग, म्हणजे ज्याला जमीन म्हणतात, ती स्क्रीनने छापणं सर्वांत अवघड. चौकट जराशी पुढे गेली तर पांढरी फट, मागे राहिली तर गडद पट्टी, सुटका नाही. हाती छापायचं तर आधी कापडच रंगवून घ्यावं आणि वर नक्षी छापावी. उभ्या पट्ट्यांच्या वाटेलाही पहिल्यांदा जाऊ नका. सगळ्या दिशांना विखुरलेली फुलं माफ करतात, पट्टे करत नाहीत.

माझी दुसरी चूक मोजणीची होती. पहिला ठसा पडला की त्याच्या कडेपासून पट्टीने मोजून पुढची जागा ठरवायची, असं मी करत गेलो. दर वेळी १ मिलिमीटर चुकलं तर अकराव्या ठशापर्यंत सेंटिमीटरभर चूक साठते. छपाईच्या कारखान्यात असं कोणी करत नाही. तिथे लांबच लांब गादीदार टेबलं असतात, टेबलाच्या एका कडेला लोखंडी पट्टी आणि तिच्यावर नेमक्या अंतरावर घट्ट कसलेले स्टॉप. चौकटीचा बोल्ट स्टॉपला खट्कन टेकला की जागा पक्की. आणि सगळे स्टॉप टेबलाच्या एकाच टोकापासून मोजून लावलेले असतात, आधीच्या स्टॉपपासून नव्हे. जपानी साच्यावरचं ते टिंब इथे लोखंडाचं झालंय. घरी पाटावर छापताना हेच काम कडेला ठोकलेल्या लाकडी पट्टीवरचे खिळे करतात. माझ्या पाटावर आता तसे सात खिळे आहेत.

गुजरातमधलं जेतपूर अशा सुती साड्यांच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहे. अशा टेबलावरचं काम बघण्यासारखं असतं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस. एकाने स्क्वीजी टेबलाच्या मध्यापर्यंत ढकलली की दुसरा ती तिथून उचलल्यासारखी पुढे ओढून घेतो, परत देतो, चौकट उचलली जाते आणि दोघं चालू लागतात. नवख्याला एक गोष्ट खटकते. पहिल्या स्टॉपनंतर ते तिसऱ्यावर जातात, मग पाचव्यावर. मधल्या जागा कोऱ्याच सोडतात. टोकाला पोचेपर्यंत पहिला ठसा सुकायला लागलेला असतो. मग परत येऊन दुसरा, चौथा, सहावा भरतात. लागोपाठ छापलं तर चौकटीची कड शेजारच्या ओल्या रंगावर टेकते आणि तो रंग पुढच्या ठशासोबत गावभर होतो.

प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. साडीत चार रंग असतील तर ११ ऐवजी ४४ वेळा चौकट ठेवणं आलं. रंग एकमेकांवर नेमके बसवण्याला रजिस्ट्रेशन म्हणतात. ते शंभर टक्के साधत नाही, म्हणून अनुभवी माणूस आधीच फिकट रंगाचा आकार किंचित मोठा ठेवतो आणि वरची गडद रेघ त्याच्या कडेवर चढवतो. कापड ताणलं गेलं, आकसलं, तरी मधून पांढरं डोकावत नाही. कोऱ्या कापडाची खळ आधी धुऊन काढायची तीही याच कारणाने. नंतर धुतलं की नक्षीसकट आकसतं, आणि रंगही नीट धरत नाही.

रंग पारदर्शक असतील तर एक गंमत फुकटात मिळते. पिवळ्यावर निळा गेला की तिथे हिरवा. दोन स्क्रीनमध्ये तीन रंग, कापडाचा पांढरा धरला तर चार. नक्षी काढतानाच कुठे चढवायचं आणि कुठे नाही हे ठरवलं, तर थोडक्या स्क्रीनमध्ये भरगच्च काम दिसतं.

छटा मात्र स्क्रीनला येत नाहीत. भोक एकतर उघडं असतं नाहीतर बंद, अर्धं उघडं काही नसतं. फिकट दाखवायचं तर लहान ठिपके, गडद दाखवायचं तर मोठे ठिपके. हे हाफटोन. इथे एक विचित्र अडचण येते. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की त्यात लहरी हलताना दिसतात ना, तशाच लहरी ठिपक्यांच्या आणि जाळीच्या धाग्यांच्या भांडणातून छापावर उमटतात. उपाय दोन: ठिपक्यांच्या रांगा धाग्यांना समांतर ठेवायच्या नाहीत, २२ अंशांच्या आसपास तिरक्या फिरवायच्या, आणि इंचाला जितक्या ठिपक्यांच्या रांगा, त्याच्या चार-पाच पट धाग्यांची जाळी घ्यायची. ४५ रांगांना इंचाच्या हिशेबाने २३० ची जाळी बरी.

शाईबद्दल थोडक्यात. सुती कापडाला पिगमेंट आणि बाइंडर घरी सोपं. बाइंडर रंगाचा कण धाग्याला चिकटवतो, पण तो पक्का व्हायला उष्णता लागते, सुमारे १५० अंश सेल्सिअसला चार-पाच मिनिटं. घरी इस्त्रीने करता येतं, मात्र वर कागद ठेवून आणि एकेक जागा धीराने. हे टाळलं की पहिल्या धुण्यात नक्षी बादलीत. पाण्यातली शाई जाळीत लवकर वाळते. चहा प्यायला गेलात की स्क्रीन चोक झालीच म्हणून समजा.

चुका लपवायच्याच असतात असंही नाही म्हणा. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये हॉलिवूडची नटी मर्लिन मन्रो हिचा एकच फोटो स्क्रीनने ५० वेळा छापला, अर्धे रंगीत, अर्धे काळेपांढरे. काळ्या भागात एक चेहरा शाईने पार माखलेला, पुढे पुढे शाई ओसरत जाऊन चेहरा विरलेला. साडीच्या कारखान्यात हे कापड बाजूला फेकलं असतं. वॉरहॉलकडे मात्र जोड, माखणं, पुसट होणं हेच चित्र झालं.

गिरण्यांनी जोडाचा प्रश्न वेगळ्याच वाटेने सोडवला. १९६३ मध्ये नेदरलँड्सच्या स्टॉर्क कंपनीने गोल फिरणारी स्क्रीन आणली. निकेलचं बारीक भोकांचं नळकांडं, सांधा नसलेलं. शाई आणि स्क्वीजी त्याच्या पोटात, आणि कापड खालून अखंड धावतं. चौकट उचलणं नाही, स्टॉप नाहीत, एक सोडून एक नाही. फक्त एक अट आली: नक्षी नळकांड्याच्या घेरात पूर्ण बसली पाहिजे. हा घेर बहुतेक ठिकाणी ६४ सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे नक्षीची उंची ६४, ३२, २१ पूर्णांक एक तृतीयांश, १६ अशीच ठेवावी लागते. हे कळल्यावर मी घरातले पडदे आणि चादरी टेप घेऊन मोजत सुटलो. हॉलच्या पडद्यावरचा मोर मोरापासून बरोबर ६४ वर निघाला. चादरीवरचं फूल ३१ वर. धुऊन धुऊन सेंटिमीटरभर आटलं असणार. आत्याकडे दिलेल्या त्या कोयऱ्यांच्या कापडावर दोन जोडांमधलं अंतर कुठे ४०, कुठे ४०.३, तर एका ठिकाणी ३९.६ भरलं. ती म्हणते, मोजत काय बसलास, उशीखाली झाकलंय ते मी.